डावीकडे उजेड कमी

घरात कोणता दिवा लावायचा, ह्या एका प्रश्नावर तुमच्या आजोबांनी आणि मी दोन वर्षं घालवली. त्या दोन वर्षांत त्यांचा डावा डोळा गेला आणि उजवा निम्मा झाला. तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं आहे की आजोबांना वयामुळे कमी दिसतं. ते खरं नाही, आणि तुम्ही दोघं आता एवढे मोठे आहात की खरं काय ते तुम्हाला कळायला हवं. फोनवर सांगायला जावं तर आजोबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण ह्या विषयावरची आमची सगळी बोलणी मराठीत झाली, आणि आजोबांचं बोलणं मला इंग्रजीत आणता येत नाही. अडेल तिथे बाबांना विचारा.

आजोबा नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर होते हे तुम्हाला माहीत आहे. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा. मशीनवर लोखंडाचा तुकडा, त्याला ते जॉब म्हणतात, गरगर फिरत असतो आणि त्याला हत्यार लावून तो हव्या त्या मापात तासायचा. प्रत्येक लेथला वाकणाऱ्या मानेचा एक छोटा दिवा असे, आणि त्यात नेहमी तारेचा पिवळा बल्ब. छताला ट्यूबलाईट असत, पण नुसत्या ट्यूबच्या उजेडात फिरणारा तुकडा कधी कधी थांबल्यासारखा दिसतो. थांबलाय समजून हात घातला की बोटं जातात. त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारच्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी घरातही पाळला: नीट दिसलं नाही तर आधी दिवा तपासायचा.

दुसरी एक सवय सांगून ठेवते, कारण पुढे ती लागेल. मायक्रोमीटरवरचे, म्हणजे जाडी मोजायच्या हत्यारावरचे, बारीक आकडे वाचताना ते डावा डोळा मिटत. तीसेक वर्षं रोज मिटला. निवृत्त झाल्यावर औषधाच्या बाटलीवरची अक्षरं, पेपरातले बारीक टाइप, सुईचं नेढं, काहीही बारीक असलं की डावा डोळा आपोआप मिटायचा. मला ते छान वाटायचं. एखाद्या जुन्या कारागिराची ऐट वाटायची.

सुरुवात एका साध्या वाक्याने झाली. संध्याकाळी ते पुढच्या खोलीतल्या खुर्चीत पेपर वाचत होते आणि म्हणाले, "अगं, हा दिवा बसला काय? लई मंद झालाय."

तो साठ वॅटचा जुना बल्ब होता. मी पाहिलं, मला काही मंद वाटला नाही. पण बल्बची काच आतून काळवंडते हे मला माहीत होतं, म्हणून काढून नवा लावला. दोन दिवस ठीक गेले. मग पुन्हा तेच. त्यांनी ओळखीच्या वायरमनकडून मल्टिमीटर आणून व्होल्टेज मोजलं. व्होल्टेज चांगलं होतं, आणि ह्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं, कारण व्होल्टेज कमी असतं तर प्रश्न मिटला असता.

मग आम्ही बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदार आमच्या ओळखीचा, चाळिशीचा माणूस. काउंटरवर त्याने एक फळी ठेवली आहे, तिच्यावर सहा होल्डर. गिऱ्हाईक म्हणेल तो बल्ब तो त्यात लावून दाखवतो. मी खोक्यांवरचं सगळं वाचत होते. वॅट किती, लुमेन किती, रंग कुठला. वॅट म्हणजे वीज किती खाणार आणि लुमेन म्हणजे उजेड किती देणार, हे मी आजोबांना समजावत होते, आणि दुकानदार कोपर टेकून ऐकत होता.

"काकू," तो म्हणाला, "बल्ब घ्यायचाय का पेपर सोडवायचाय?"

"दोन्ही," मी म्हटलं. "तुमच्याकडे वॉर्म व्हाईट आहे का?"

"पिवळा व्हय? हाय दोन. पन तो हॉटेलवालेच नेतात. घरात सगळे पांढराच मागतात. पांढऱ्यात कसं, लख्ख. काका, तुमी सांगा, कंचा लावू?"

आजोबा म्हणाले, "सगळे लाव."

त्याने फळीवरचे सहाही होल्डर भरले आणि सगळी बटणं दाबली. सीएफएल, पांढरा एलईडी नऊ वॅटचा, बारा वॅटचा, पिवळा एलईडी, आणि दोन जुने तारेचे. आजोबा फळीसमोर उभे राहिले. उजवीकडचे बल्ब त्यांनी एकेक बोट दाखवून पाहिले. डावीकडच्या दोन बल्बांकडे ते वळलेच नाहीत. मी समजले की ते त्यांना पसंत नाहीत.

त्या दिवशी आम्ही सीएफएल आणला. मी इंग्रजी शाळेत सायन्स शिकवलं, म्हणून मला वाटलं की हे अंदाजाने करायचं नाही, पद्धतशीर करायचं. एक आखीव वही घेतली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात बल्बचा प्रकार, तिसऱ्यात वॅट, चौथ्यात तो कुठे लावला, पाचव्यात त्यांना पेपरातलं काय वाचता आलं, आणि शेवटचा रकाना शेरा. रोज संध्याकाळी, त्याच वेळी, त्याच खुर्चीत, पेपरच्या त्याच पानावर. पाऊण पान त्यांनी वाचायचं आणि मला सांगायचं, मी लिहायचं.

सीएफएलबद्दल ते म्हणाले, "ह्याला जाग यायला दोन मिन्टं लागत्यात. माझ्यासारखं."

मी लिहिलं: पूर्ण उजेड यायला वेळ. मथळे स्पष्ट. बारीक टाइप ठीक. डावीकडे उजेड कमी.

ते डावीकडे उजेड कमी मी का लिहिलं, तर ते तसं म्हणाले. ओळ वाचून संपली की पुढच्या ओळीची सुरुवात त्यांना सापडत नव्हती. तिथे सावली पडते असं त्यांना वाटे. मला ते पटलं, कारण बल्ब खुर्चीच्या उजव्या अंगाला होता. वायरमनला बोलावून आम्ही होल्डर डाव्या भिंतीवर सरकवला. नवा शेरा: दिवा डावीकडे हलवला. थोडा फरक. तरी डावीकडे उजेड कमी.

मग नऊ वॅटचा पांढरा एलईडी आणला. तो लावला तेव्हा सगळी खोली दवाखान्यासारखी झाली. माझ्या हातावरच्या शिरा निळ्या दिसायला लागल्या. कोनाड्यात आमच्या बुद्धमूर्तीच्या शेजारी निळ्या कोटातली तसबीर आहे, तिच्या काचेवर तो दिवा जसाच्या तसा दिसे आणि चेहरा दिसत नसे. आजोबांनी दोन दिवस तोही सोसला. शेरा: चकाकी फार. डोळे दिपतात. डावीकडे उजेड कमी.

बारा वॅटचा आणला. मग वीस वॅटचा, तो दुकानदार म्हणाला की गोडाऊनला लावतात.

"काका, पोतीबिती मोजायचीत का घरात?"

"पोती न्हाई," आजोबा म्हणाले, "अक्षरं मोजायचीत."

वीस वॅटच्या खाली बसून मला डोकेदुखी लागली. ते मात्र म्हणाले की आता जरा बरं हाय. चार दिवसांनी म्हणाले की तसंच हाय. मग मी पिवळा एलईडी आणला, मग मान वाकणारा टेबल लॅम्प आणला, त्यांच्या लेथवर होता तसा. लॅम्प पाहून त्यांना खूप आनंद झाला. तो त्यांनी पेपरवर इतका खाली ओढला की कागद गरम व्हायला लागला. आणि ओळीखाली स्टीलची पट्टी धरून वाचायला लागले. पट्टीचं डावं टोक पानाच्या कडेला लावायचं, म्हणजे ओळ जिथे सुरू होते तिथे बोटाला कळतं. मला वाटलं, काय व्यवस्थित माणूस आहे.

ह्या सगळ्यात डोळ्यांचा विचार आमच्या मनात आलाच नाही असं नाही. मी दोनदा म्हटलं की डोळे दाखवू. ते म्हणाले, "मोतीबिंदू असंल. पिकला की काढू." तिसगावकडच्या त्यांच्या भावकीत सगळ्यांचे मोतीबिंदू तसेच पिकू दिलेले, आणि थंडीत काढलेले. उन्हाळ्यात डोळ्याला हात लावायचा नाही, असं त्यांच्या चुलत भावजयीने फोनवर मलाही बजावलं. मी इंग्रजी शिकलेली बाई. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची गरज नसते हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण एक म्हणजे उन्हाळा खरंच होता, आणि दुसरं म्हणजे त्या आठवड्यात आम्ही पिवळ्या एलईडीची चाचणी अर्ध्यावर आणली होती. ती सोडायची माझी तयारी नव्हती. हे वाक्य लिहायला मला लाज वाटते आहे, पण ते तसंच होतं. थंडी आली तेव्हा आम्ही टेबल लॅम्पवर होतो. तोपर्यंत मोतीबिंदूचं बोलणं मागे पडलं होतं.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतली एक बाई मला विहारात बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, भाऊंचं आमच्यावर काही बिनसलंय का?"

"का हो?"

"मालक जयभीम घालतात, भाऊ सरळ पुढं निघून जातात. एकदा न्हाई, तीनदा झालं. मालकांना लई लागलंय. मी म्हनलं वहिनीलाच विचारावं."

मी घरी येऊन सांगितलं. आजोबांचा चेहरा उतरला. "कुनाला मी बघून न बघितल्यासारखं केलं? कधी? मला असलं येतं तरी का?" ते लगेच त्या माणसाच्या घरी गेले, बसले, चहा घेऊन आले. त्यानंतर ते रस्त्याने चालताना सगळी मान दोन्हीकडे फिरवून, समोरच्याने काही म्हणायच्या आधीच मोठ्याने जयभीम म्हणायला लागले. ओळखीच्यांना, अनोळखींना. गल्लीतल्या पोरींनी त्यांना "जयभीमवाले आजोबा" म्हणायला सुरुवात केली. मला वाटलं, म्हातारपणी माणूस मऊ होतो. त्यांना त्या बाजूचं काही दिसत नाही म्हणून ते मान फिरवतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग तो मार्चमधला दिवस. पारनेरला एका नात्यातल्या लग्नाहून आम्ही स्कूटरवरून परत येत होतो. मी मागे बसले होते. ऊन असं की रस्ता पांढरा दिसत होता. एका फाट्यावर डावीकडून एक टेम्पो आला. हळू येत होता, हॉर्न वाजवत होता. आजोबांनी ब्रेक लावला नाही. वेग कमी केला नाही. मी त्यांच्या खांद्यावर दोन्ही हात मारले आणि ओरडले, तेव्हा ते थांबले. टेम्पोत आणि आमच्यात फार तर हातभर अंतर राहिलं होतं.

टेम्पोवाला खाली उतरला. शिव्या द्यायलाच उतरला असणार, पण आमचे पांढरे केस बघून म्हणाला, "बाबा, एवढा मोठा टेम्पो हाय. दिसला न्हाई का?"

आजोबा म्हणाले, "न्हवता तिथं."

"काय न्हवता? मी काय वरून पडलो का?"

"न्हवता," ते मला म्हणाले. त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलले. "खरंच न्हवता गं."

मी स्कूटर एका बाजूला लावायला सांगितली. आम्ही बाभळीच्या सावलीत बराच वेळ बसलो. दुपारचा एक वाजला असेल. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आणि तिथे बसल्या बसल्या मला कळलं की ह्या उन्हाला दोष देता येणार नाही. हा दिवा कमी वॅटचा नाही. हा कुणी चुकीच्या भिंतीवर लावलेला नाही.

घरी आल्यावर मी वही काढली आणि पहिल्यापासून वाचली. मी सातवीच्या मुलांना शिकवायचे की प्रयोगात एक गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा. गोष्ट बदलून बदलूनही उत्तर तेच येत असेल, तर कारण त्या गोष्टीत नाही, दुसरीकडे शोधा. हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. माझ्या वहीत दुसरा रकाना प्रत्येक पानावर बदलत होता. सीएफएल, पांढरा, पिवळा, टेबल लॅम्प. आणि शेवटच्या रकान्याचा शेवट प्रत्येक पानावर तोच होता: डावीकडे उजेड कमी. माझ्याच अक्षरात, एकाखाली एक, इतका सरळ की मुद्दाम शिकवणीसाठी आखल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर बाई, तुमच्या आईच्या वयाच्या. त्यांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं, आत बॅटरीचा झोत टाकून बघितलं, आणि आजोबांना एका यंत्रासमोर बसवलं. मोठ्या वाडग्यासारखं ते यंत्र असतं. त्यात हनुवटी टेकवून एक डोळा झाकून समोर बघायचं, आणि आत कुठेही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर खुर्चीवर बसले होते. आतून बटणाचा टिक टिक आवाज येत होता. उजव्या डोळ्याच्या वेळी टिक, टिक, मग बराच वेळ काही नाही, मग टिक. डाव्या डोळ्याच्या वेळी मी हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसून राहिले. जवळजवळ सगळी शांतताच होती. मधूनच एखादी टिक. त्यांनी अंदाजाने दाबलं असणार.

बाहेर आले ते चिडून. "मशीन बिघडलंय त्यांचं," मला म्हणाले. "अर्धा वेळ दिवाच लागत न्हाई. ऑपरेटरला सांग."

मी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी छापलेले दोन कागद टेबलावर ठेवले. प्रत्येकावर एक गोल, आणि जिथे दिसत नाही तिथे काळं. डाव्या डोळ्याच्या गोलात जवळजवळ सगळंच काळं होतं. उजव्यात नाकाकडची, म्हणजे डावीच, बाजू काळी होती. हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, त्या म्हणाल्या. डोळ्यातलं प्रेशर वाढतं, मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही. कडेकडेने जातं, म्हणून माणसाला कळत नाही, त्याला वाटतं उजेड कमी पडतोय.

"गेलं ते परत येत नाही," त्या म्हणाल्या. "राहिलंय ते सांभाळायचं."

आजोबांनी विचारलं, "एक डोळा सगळा गेला, आन् मला कसं कळलं न्हाई?"

"तुम्ही काम काय करायचात?"

त्यांनी सांगितलं. मायक्रोमीटरचंही सांगितलं, बोटांनी धरून दाखवलं, आणि दाखवताना डावा डोळा मिटला. डॉक्टर त्या मिटलेल्या डोळ्याकडे बघत होत्या. आजोबांनीही स्वतःचं स्वतः ओळखलं. तो डोळा उघडला, मग पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. फरक पडत होता का ते बघत होते.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "हे साधारण कधीपासून जाणवतंय?"

मी पिशवीतून वही काढून त्यांच्या हातात दिली. मला दुसरं काय करावं कळेना. त्यांनी पानं उलटली. एक बोट शेवटच्या रकान्यावरून खाली खाली नेलं. मग म्हणाल्या, "काकू, फार व्यवस्थित लिहिलंय हो." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं. आजोबा तेव्हा चष्मा पुसत होते. त्यांना वाटलं मी जुन्या औषधांची वही दिली.

त्यानंतर घरात दिव्याचा विषय निघेना. दोन प्रकारचे थेंब सुरू झाले, सकाळ-संध्याकाळ, मोबाईलमध्ये गजर लावून. स्कूटर तुमच्या बाबांच्या मित्राला देऊन टाकली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरात सगळीकडे सारखा उजेड ठेवा, एकदम लख्ख आणि एकदम अंधार असं नको, उघडा बल्ब डोळ्यांसमोर नको. मी म्हटलं बदलून घेऊ. आजोबा म्हणाले, "कशाला? ज्याला दिसतंय त्यानं बघावं." कित्येक दिवस ते पेपरला हात लावेनात. मी वाचून दाखवायला लागले तर मध्येच उठून जात.

ह्याच काळात डॉक्टरांनी मला बजावलं की हा आजार घराण्यात उतरतो, मुलांना दाखवून घ्यायला सांगा. मी तुमच्या बाबांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ते म्हणाले, आई, मला सगळं व्यवस्थित दिसतं, गेल्या महिन्यातच चष्म्याचा नंबर काढलाय. आजोबांनाही सगळं व्यवस्थित दिसत होतं. बाबा अजून तपासायला गेलेले नाहीत. नंबर काढणं आणि प्रेशर मोजणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे तुम्ही त्यांना इंग्रजीत सांगा, तुमचं ते ऐकतात. आणि चाळिशी आली की तुम्हीही जा. काही वाटत नसलं तरी जा.

आता राहिलेलं सांगते. पावसाळ्यात एका दुपारी आजोबांनी विचारलं, "ती बल्बची वही कुठंय?"

मी ती कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती. मी म्हटलं, "असेल कुठेतरी. कशाला?"

"डॉक्टरीन म्हनली ना, सारखा उजेड पायजे. मागं आपन बघितलेलं हाय की, कंचा बल्ब कसा. परत कशाला सगळे आनायचे? त्यातलं बघून ठरवू."

मी दोन दिवस वही सापडत नाही असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः कपाट शोधायला लागले. एका हाताने कप्पे चाचपताना त्यांनी कपाटाच्या डाव्या दारावर डोकं आपटून घेतलं. कपाळावर टेंगूळ आलं. तेव्हा मी वही काढली, त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "ह्यात जे लिहिलंय ते आधी ऐका, मग बल्बचं ठरवा."

मी पहिल्या पानापासून वाचलं. तारीख, बल्ब, वॅट, जागा, काय वाचलं, शेरा. सगळं, काही न गाळता. चौथ्या-पाचव्या नोंदीला त्यांना कळलं असावं, कारण खुर्चीच्या हातावर चाळा करणारी त्यांची बोटं थांबली. तरी मी थांबले नाही. शेवटपर्यंत वाचलं.

बाहेर पाऊस नव्हता, पण अंधारून आलं होतं.

"दोन वर्सं," ते म्हणाले.

"हो."

"मी सांगितलं ते तू लिव्हलंस. मापात चूक न्हाई."

"मला कळायला हवं होतं. मी शिकवायचे हे."

"आन् मला? मी तर त्या डोळ्याच्या मागंच बसलो हुतो." मग म्हणाले, "ड्रॉइंग उलटं धरलं की असं हुतं. एकेक माप बरोबर येतं, पन जॉब दुसराच तयार हुतो. दोगांनी बी उलटं धरलं."

ते मला बरं वाटावं म्हणून बोलले का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मला बरं वाटलं नाही. पण त्यांनी नवं पान उघडायला लावलं. पहिल्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "डोळा. फक्त उजवा. दुसऱ्याचं काय लिव्हू नगं."

तेव्हापासून आम्ही पुन्हा दिवे निवडतो आहोत, ह्या वेळी त्यांच्या राहिलेल्या डोळ्यासाठी. पुढच्या खोलीत पिवळा एलईडी ठरला, दुधी काचेच्या शेडमध्ये, दोन ठिकाणी, म्हणजे कुठल्याच कोपऱ्यात सावली नाही. पायऱ्यांवर पांढरा, कारण पायरीची कड त्यात स्पष्ट दिसते. न्हाणीघरात दोन्ही लावून पाहिले. तिथे ओल्या फरशीवरची चकाकी त्यांना पाण्यासारखी दिसते, म्हणून तिथे अजून काही ठरत नाही. दुकानदार आता मला खोकी फळीवर न उघडता तशीच घरी नेऊ देतो. "काकू, लावून बघा, न्हाई पटलं तर आना," म्हणतो. काकांची चौकशी करतो, आणि थट्टा करत नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा त्या यंत्रासमोर बसलो. उजव्या डोळ्याचा काळा भाग आधीच्या कागदापेक्षा किंचित वाढल्यासारखा डॉक्टरांना वाटतो, पण अजून एका तपासणीनंतर नक्की सांगेन म्हणाल्या. तिसरे थेंब वाढवले आहेत. ती तपासणी दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

संध्याकाळचा चहा आम्ही अजून पुढच्या खोलीतच घेतो. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या डाव्या बाजूला बसत आले. आता माझी खुर्ची मी उजवीकडे आणली आहे. ते काही सांगायला लागले की सवयीने आधी डावीकडेच वळतात. मी हाक मारत नाही, वाट बघते. थोडं थांबून, पूर्ण मान फिरवून, ते मला शोधून काढतात.